उलटा आग्रह

लग्नाच्या जेवणात जिलेबीच्या परातीशेजारी उभं राहून, सोळा वर्षांच्या पोराला "एक परत ठेव, माझ्यासाठी" म्हणून विनवणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि परात माझी होती.

माझा नाशिक रोडला केटरिंगचा धंदा आहे. त्या दिवशी मुलीच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हे टोपीवाले गृहस्थ तुमचे का? मी म्हणालो, छे, ते मुलाकडचे. थोड्या वेळाने मुलाच्या काकांनी तेच विचारलं, तेव्हा मी ते मुलीकडचे असल्याचं सांगितलं. आमच्या धंद्यात असं थोडं इकडचं तिकडे करावं लागतं. तोवर टोपीवाल्या गृहस्थांनी त्या पोराची जिलेबी परातीत परत घालायला लावली होती आणि ते गुलाबजामच्या काउंटरकडे वळले होते. तिथे कॉलेजच्या चार पोरी उभ्या होत्या. "तुमच्या आईची शपथ हाय, एकावर थांबा," हे वाक्य मला भजी तळणाऱ्या कढईपर्यंत ऐकू आलं.

हे आमचे निवृत्तीनाना. त्र्यंबकेश्वराच्या पंचक्रोशीत निवृत्ती हे नाव घरोघर सापडतं, पण इतक्या चुकीच्या माणसाला ते क्वचितच दिलं गेलं असेल. नाना नोटांच्या प्रेसमधून रीतसर निवृत्त झाले, हारतुरे आणि नारळ घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भटारखान्यात हजर झाले. आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते वरच्या मजल्यावर, मी खाली. त्यामुळे माझं कुठे काम आहे हे त्यांना जिन्यातल्या वासावरूनच कळतं.

त्या दिवशी ते पोरांच्या ताटातून जिलेबी काढायला लावत होते, पण त्यांचं मूळ कर्तृत्व नेमकं उलटं आहे. मूळचे ते सायखेड्याचे. त्या बाजूच्या लग्नात नाना आले की नाहीत याची चौकशी नवऱ्या मुलाच्या आधी व्हायची, कारण नानांसारखा आग्रह करणारा माणूस निफाड तालुक्यात दुसरा नव्हता. पंगत बसली की धोतराचा काचा मारून, हातात बुंदीचं ताट घेऊन ते निघत. "एकच" म्हणत. हा "एकच" नुसता बोलण्यापुरता, ताटात मूठ पडायची. कोणी ताटावर हात आडवा धरला की नाना थांबत, समजूतदारपणे मान हलवत आणि म्हणत, "तुमचे मेव्हणे आले का हो ते?" माणूस वळून बघायचा. त्याची मान जागेवर येईपर्यंत ताट भरलेलं असायचं. जे वळत नसत त्यांच्या बोटांवरच बासुंदी ओतली जायची. एकदा एक पाहुणे पळून हात धुवायच्या जागेपर्यंत पोचले, तर नाना ताट घेऊन तिथे गेले. "हात धुतले म्हणून काय झालं? परत धुवाल." पाहुण्यांनी नळाशी उभं राहून दोन लाडू खाल्ले.

शेवटचं अस्त्र म्हणजे बायकोची, सिंधूकाकूंची शपथ. "माझ्या मंडळीची शपथ हाय" म्हटलं की समोरच्याचा नाइलाज व्हायचा. सिंधूकाकू पलीकडे बायकांच्या पंगतीत वाढत असत. तिथून त्या ओरडून सांगत, "घेऊ नका हो, सकाळपासून लय वेळा मेले मी."

मला हा माणूस देवासारखा होता. नानांनी आग्रह केलेली पंगत माझा मसालेभात कसा होता हे विसरून जायची आणि आग्रहाच्याच गोष्टी सांगत घरी जायची. एखाद्या दिवशी भाजी बिघडली तरी खपून जायचं. "माणूस ताटात कळतो," असं नाना म्हणत, आणि त्यांना माणसं खरंच तिथेच कळत. कोणाची नोकरी काय, कोणाचं शिक्षण किती, हे त्यांना कधी आठवायचं नाही. पण अमक्याला पुरणपोळीवर दूध लागतं आणि तमक्याला तूप, हे ते झोपेत सांगतील.

सिंधूकाकू गेल्या आणि नाना वरच्या मजल्यावर एकटे उरले. मुलगा संजय आणि सून वर्षा जेलरोडला राहतात. त्यांनी बोलावलं तर नाना म्हणाले, इथं बरं हाय. खरं कारण निराळं होतं. त्यांची नात ईश्वरी नववीतून दहावीत गेली होती आणि तिचा क्लास आमच्या कॉलनीच्या मागच्याच रस्त्यावर होता. शाळा सुटली की क्लास सुरू होईपर्यंतचा वेळ ती नानांकडे काढायची. नानांचा दिवस तिथून सुरू व्हायचा.

पोरगी दमून येते, हे नानांनी ठरवून टाकलं होतं. ती शाळेत व्हॅननं जायची, व्हॅननं यायची, वर्गात बसायची, क्लासात बसायची आणि मधल्या वेळेत नानांच्या सोफ्यावर फोन घेऊन आडवी व्हायची. तरी ती दमायची आणि नाना तिला भरवायचे. गरम वडापाव, त्यावर शेव, शेवेबरोबर लोणचं, तळलेले पापड, परत थोडा चिवडा. पाकिटातले नूडल्स करायलाही ते शिकले आणि वर मीठ घालायचे, कारण पाकिटातलं त्यांना मेलं अळणी वाटायचं. चहा मात्र थेंबभर देत नसत. चहानं पोरं काळी पडतात, याबद्दल नानांची पक्की खात्री. म्हणून चहाऐवजी त्यांनी फ्रिजमध्ये तिच्या आवडीचे थंड पेयाचे डबे भरून ठेवले. "त्याच्यावर एनर्जी लिवलंय, विलास. म्हणजे टॉनिकच की." ईश्वरी ते टॉनिक पिऊन क्लासला जायची आणि मग मध्यरात्र उलटली तरी तिचा डोळा लागायचा नाही. सकाळी उशीर, मग नाश्ता नाही, मग दुपारी नानांकडे दुप्पट भूक. नाना तिच्याकडे बघून खूश व्हायचे. "अंगानं भरली बघ," म्हणायचे.

हे एकट्या ईश्वरीचं होतं असं कोणी समजू नये. आमचे चिरंजीव त्याच वयाचे. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला गाडीची किल्ली मागतात, आणि रात्री पांघरुणाच्या आतून निळा उजेड येतो. फरक इतकाच की त्यांना भरवायला नानांसारखा आजोबा नव्हता.

मग शाळेची किल्ल्यावर सहल निघाली आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. वर्षा ईश्वरीला घेऊन गेली. नाना बरोबर गेले, कारण दवाखान्यानंतर भेळ खायचं ठरलं होतं. डॉक्टर मॅडमनी बीपी मोजलं. मग दंडाचा पट्टा बदलून मोजलं. पोरीला शांत बसवून मोजलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं, त्याच्या पुढच्याही. मग त्यांनी सरळ सांगितलं, की वयाच्या मानानं बीपी जास्त येतंय. गोळी सुरू करायची वेळ नाही, घाबरायचं कारण नाही. पण झोप, मीठ, ते डबे आणि दिवसभराचं बसणं यांच्याकडे आत्ता लक्ष दिलं नाही, तर हे ओझं पुढे हृदय वाहणार आहे. मग त्यांनी विचारलं, दुपारचं खाणं कुठे होतं?   वर्षा आणि ईश्वरी नुसत्या नानांकडे बघत राहिल्या आणि नाना भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे.

"मॅडम, काही तरी चुकलं असंल," नाना शेवटी म्हणाले. "बीपी माझं असंल. मी म्हातारा हाय. तिला कसं येईल?"

मॅडमनी त्यांचंही मोजलं. एकदम उत्तम निघालं. संध्याकाळी ते जिन्यात बसलेले दिसले, तेव्हा मला वाटलं काही भयंकर निघालं की काय. मी विचारलं, तर नापास झाल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "माझं बेस हाय रे. ज्याला यायला पायजे त्याला नाय, अन् पोरीला दिलं." पोरीचं बीपी आपल्याला बदलून मिळेल का, असं त्यांनी मॅडमना खरंच विचारलं होतं, हे मला नंतर वर्षाकडून कळलं.

वर्षा भांडकुदळ नाही. तिने आवाज न चढवता सांगितलं, की ईश्वरी आता शाळेतून घरीच येईल, घरचं खाईल आणि मग क्लासला चालत जाईल. नाना म्हणाले, इथं पण घरचंच देईन, मीठ बंद करतो, सगळं बंद करतो. त्यावर वर्षा म्हणाली, "नाना, राग मानू नका. पण तुमच्याच्यानं नाही होणार ते."

हे वाक्य नानांना फार लागलं. आयुष्यात त्यांना इतरांनी खूप काही म्हटलं असेल, पण ताटाच्या बाबतीत जमणार नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. ईश्वरी परत यायला हवी असेल तर आपल्याला जमतं हे दाखवलं पाहिजे, एवढं त्यांनी मनाशी घेतलं. आणि जे काही हातात होतं ते सगळं उलटं फिरवून ते गावभर निघाले.

आग्रहाची सगळी हत्यारं जुनीच होती. शपथ तीच, आर्जव तेच, मेव्हणेही तेच. पूर्वी माणूस वळला की ताट भरायचं, आता माणूस वळला की पापड गायब व्हायचा. गिऱ्हाइकं मात्र फक्त विशीच्या आतली होती. मोठ्यांना सोडून दिलं होतं. "तुमचं काय व्हायचं ते झालंय," असं ते त्यांच्या तोंडावर सांगत. रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानात पोरांची गर्दी असते, तिथे नाना जाऊन बसू लागले. एका पोराने तर्री मागितली, तर नानांनी त्याच्या वाटीवर स्वतःचा हात आडवा धरला. वाढणाऱ्याला सवय अशी, की हात दिसला तरी ओतायचं. कढत तर्री नानांच्या बोटांवर पडली. बोटं आठवडाभर लाल होती, आणि बासुंदी ओतून घेतलेल्या तमाम पाहुण्यांचा हिशेब त्या दिवशी चुकता झाला असं आमच्या सौभाग्यवतीचं मत पडलं.

सौभाग्यवती शाळेत मराठी शिकवतात. त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही आग्रहाकडून निग्रहाकडे आलात." नानांना शब्द आवडला पण तो जिभेवर नीट बसला नाही. त्यानंतर ते ज्याला त्याला सांगू लागले, "आपण आता नवग्रह चालू केलाय." ऐकून एका बाईंनी त्यांना शांतीसाठी चांगल्या गुरुजींचा पत्ता दिला.

आमच्या चिरंजिवांच्या गाडीची किल्ली नानांनी स्वतःकडे ठेवून घेतली. कोथिंबिरीला तो चालत जाऊ लागला, आणि नाना त्याच्या मागून, तो वाटेत काही खात नाही ना हे बघायला. दोघांचाही व्यायाम होऊ लागला. रात्री जेवणानंतर ते आमच्या दारात उभे राहून "फोन आईच्या उशाखाली गेला का?" असं विचारत. पोरगं वैतागलं, पण लवकर झोपू लागलं हे मान्य करायला हवं. कॉलनीतल्या आया नानांना दुवा देऊ लागल्या. पोरं नानांना बघून जिना बदलू लागली. माझ्या लग्नांमध्ये जिलेबी उरू लागली, आणि मी पहिल्यांदाच नानांना बोलवायचं टाळू लागलो. न बोलावता ते येतच होते.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते वर्षालाही कळत होतं. ती मला एकदा म्हणाली, की नाना खरंच बदललेत असं दिसतंय, ईश्वरीला अधूनमधून पाठवायला हरकत नाही. मी ते नानांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी पापडांचा डबा आणून माझ्या घरी ठेवला, घरात नको म्हणून.

आणि मग चांदवडचं लग्न आलं. नानांच्या पुतण्याच्या मुलाचं. जेवण माझंच होतं. ईश्वरी नवीन ड्रेस घालून मैत्रिणीसारख्या दोन चुलत बहिणींबरोबर रांगेत उभी होती. दवाखान्यानंतरच्या तीन महिन्यांत ती बरीच सुधारली होती, क्लासला चालत जात होती, आणि त्या दिवशी तिने ताटात रीतसर कोशिंबीर, वरणभात घेऊन एक, फक्त एक गुलाबजाम घेतला होता. नाना रांगेच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथून त्यांनी हाक मारली, "ईशू! ठेव तो. डॉक्टर काय म्हणले तुझ्या बीपीचं?"

 मांडवात आमच्या बाजूला एकदम कुजबुज सुरू झाली. एवढ्या लहान पोरीला बीपी? कोणाकडून आलं? आईकडून का? एक आत्या म्हणाली, पुढे लग्न जमवताना सांगू नका बरं कोणाला. दुसरीने तिच्या दंडाला हात लावून बघितला. नाना तोवर जवळ येऊन पोचले होते आणि गुलाबजामवर हात आडवा धरून उभे होते.

ईश्वरीने ताट माझ्या टेबलावर ठेवलं. ती ओरडली नाही. हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतकं बोलली. "नाना, आधी तुम्ही मला थांबू देत नव्हता, आता घेऊ देत नाही. माझं ताट माझं कधी होणार?"

ती गाडीत जाऊन बसली आणि शेवटपर्यंत जेवली नाही. वर्षाने मग कोणाशी काही बोलायची गरजच उरली नाही, कारण आता ईश्वरीच नानांकडे यायला तयार नव्हती.

नानांचा नवग्रह त्या दिवशी संपला. किल्ली त्यांनी आमच्या दाराच्या खिळ्याला आणून अडकवली. मिसळीच्या दुकानात ते दिसेनात. दुपारी माझ्या भटारखान्यात येऊन कांद्याच्या पोत्यावर बसत आणि माझी वाढपी पोरं ताटं पुसताना बघत राहत. एक दिवस म्हणाले, "विलास, तुझी ही माणसं दिवसभर वाढतात, पण कोणाच्या ताटात बघत नाय. कसं जमतं रे?"

मी म्हणालो, नाना, त्यांना घरी जायची घाई असते.

"मला शिकव," ते म्हणाले.

दुसऱ्याच्या ताटात बघू नये, हे आपल्याला लहानपणीच चापट मारून शिकवतात. नानांना ते सत्तरी ओलांडल्यावर शिकावं लागलं, आणि शिकवणी माझ्या भटारखान्यात दुपारच्या जेवणाला. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून जेवलो. माझी भाजी संपेपर्यंत त्यांनी धीर धरला. संपल्याबरोबर त्यांचा हात आपोआप भाजीच्या डावाकडे गेला, आणि तो डाव त्यांच्याही आधी मी पकडला. दुसऱ्या दिवशी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. थोड्या वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, "भाजी संपली वाटतं. चमचा ताटाला लागला." नानांना ताट कानांनीही दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी सौभाग्यवतींनी उपाय सुचवला. नानांनी स्वतः जेवावं, म्हणजे दुसऱ्याकडे बघायला सवड होणार नाही. इतका साधा उपाय, पण नाना गडबडले. विचारता विचारता बाहेर आलं, की ते कोणाबरोबर शेवटचं बसून कधी जेवले हे त्यांना आठवतच नव्हतं. पंगतीत ते वाढणारे, घरी सिंधूकाकूंच्या मागे उभं राहून पोरांना भरवणारे, आणि स्वतःचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, उरेल त्यात. काकू गेल्यावर तर ते ओट्याशी उभ्यानंच जेवत होते. "एकट्यासाठी ताट कशाला वाढायचं," म्हणाले. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याला पोटभर जेवू घातलं, त्याला "घ्या की अजून थोडं" असं म्हणणारं कोणी नव्हतं, आणि आम्ही खालच्या मजल्यावर राहून हे कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दुपारचे ते आमच्याबरोबर बसून जेवू लागले. सुरुवातीला अवघडून, मग हळूहळू सरावले.

मग एक दिवस त्यांनी ईश्वरीला फोन लावला. मी शेजारी होतो. तिने हॅलो म्हटलं, आणि नानांच्या तोंडून "जेवली का" येऊ घातलं होतं, ते त्यांनी गिळलं. आजवरचा त्यांचा प्रत्येक फोन त्याच शब्दांनी सुरू झाला होता. त्यांना दुसरं काही सुचेना. शेवटी म्हणाले, "ईशू, रविवारी ये. ताट तुझं. मी बोलणार नाय."  ती म्हणाली, "बघते."

रविवारी दुपारी ती आली. नानांनी सकाळपासून स्वयंपाक केला होता. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण, काकडी. मीठ बेताचं. मलाही जेवायला बसवलं होतं, नानांची नजर हलली की गुडघ्याने ढोसायचं काम माझ्याकडे होतं. भांडी मध्ये ठेवली, ज्याने त्याने घ्यायचं. नानांनी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोळे लावले आणि जेवायला सुरुवात केली. त्या महिन्यातल्या दोन्ही एकादश्या कधी आहेत, हे त्यांना आता जन्मभर विसरता येणार नाही.

"पापड नाहीत?" ईश्वरीने विचारलं.

"विलासकडं राहायला गेलेत," नाना कॅलेंडरला म्हणाले.

ती हसली नाही, पण चेहरा जरा सैल झाला.  खाण्याचं बोलायचं नाही म्हटल्यावर नातीशी काय बोलायचं, हे नानांना माहीत नव्हतं. मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"ईशू," नाना म्हणाले, "तुला झोप का गं लागत नाय?"

डॉक्टरांनी तिला झोपायला सांगितलं होतं, वर्षा रात्री तिचा फोन काढून घेत होती, पण झोप का येत नाही हे तिला कोणी विचारलं नसावं. ती भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली.

"ते मशीन लावल्यापासून मला रात्री माझं हार्ट ऐकू येतं," ती म्हणाली. "उशीवर कान टेकला की धडधड सुरू. मग भीती वाटते. म्हणून आईचा फोन घेऊन बसते."

मी गुडघा तयार ठेवला होता, पण ढोसायची वेळ आली नाही. नानांनी कॅलेंडर सोडलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"मला पण येतं ऐकू," ते म्हणाले. "तुझी आजी गेल्यापासून."

"तुमचं तर बीपी चांगलंय."

"बीपी चांगलं हाय. झोप नाय."

"मग काय करता?"

"उठतो, ओट्याशी जातो. शेवेचा डबा उघडतो."

आता मात्र ईश्वरी हसली, चांगली मोठ्याने. म्हणाली, अहो नाना, मला बंद आणि तुम्ही रात्री शेव खाता? मग तीच रागावू लागली. शेव बंद म्हणाली. धडधड ऐकू आली की मला फोन करा, मी जागीच असते. नाना म्हणाले, तू का जागी? तू मला कर. मी तसाही म्हातारा. असं दोघांचं बराच वेळ चाललं. मग शाळेचं निघालं, एका मैत्रिणीचं निघालं, गणिताच्या सरांची नक्कल झाली. बोलता बोलता तिने टोपलीतून भाकरी घेतली, थोडं वरण वाढून घेतलं आणि ताट स्वच्छ करून उठली. पुढच्या रविवारी येते म्हणाली, आणि चालत गेली.

दार लागलं आणि नाना माझ्याजवळ सरकले. इकडे तिकडे बघून, कोणी ऐकत नाही याची खात्री करून त्यांनी हळूच विचारलं, "काय काय खाल्लं रे तिनं?"

मी सांगितलं. भाकरी, भाजी, काकडी. नंतर आणखी अर्धी भाकरी आणि वरण.

"अर्धी कोणी दिली?"

"कोणी नाही. तिनं स्वतः घेतली."

"आपल्या हातानं?"

"आपल्या हातानं."

हे त्यांनी मला आणखी एकदा सांगायला लावलं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी टोपी काढून डोळ्यांना लावली आणि काही वेळ तशीच धरून ठेवली.

त्यांचं स्वतःचं ताट तसंच होतं, भाकरीचा एक कोपरा तोडलेला, वरण थिजलेलं. मी म्हणालो, नाना, तुमचं राहिलं. ते "खातो की" म्हणाले आणि ताट उचलून सवयीनं ओट्याकडे निघाले. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना खाली बसवलं. माझं पोट भरलं होतं, तरी अर्धी भाकरी वाढून घेतली आणि त्यांचं जेवण होईपर्यंत सावकाश खात बसलो.